सहलीचा डबा आणि आपला नियम



आज जरा भांडायचं आहे. तुमच्याशी, आणि त्याआधी चाळीस वर्षं सहलीचे डबे बांधत आलेल्या माझ्याशी.

आपल्या घरातली सहल कशी सुरू होते? हे म्हणतात, "उद्या सातला निघू." म्हणजे आपण पहाटे चारला उठायचं. दशम्या, मेथीच्या पुऱ्या, कोरडी चटणी, चिवडा, खाकरे, पाण्याचे कॅन, गाळणं, कागदी ताटं. गाडीत बसलं की डोळा लागतो. मग कुणीतरी हलवून म्हणतं, "अगं बघ, काय सुंदर डोंगर!" आपण बघतो, आणि लगेच डोक्यात येतं, डबा कुठे उघडायचा, सावली आहे का, मुंग्या आहेत का. सहल घरच्यांची असते. आपला फक्त ओटा गाडीतून फिरून येतो.

मागच्या वर्षी आम्ही सहा जोडपी विंझरजवळ एका बंगल्यावर गेलो होतो. बंगल्याचा मालक पुण्यात राहतो. स्वयंपाकी पुण्याहून नेलेला, भाजी-किराणा पुण्याचा, पाण्याच्या बाटल्यासुद्धा पुण्याच्या. मी बी.कॉम. आहे, हिशोब लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. परत आल्यावर वही काढली. एकूण खर्च चोवीस हजार. त्यातले गावात किती राहिले? रस्त्यावरच्या टपरीत चहाचे एकशे वीस रुपये. आणि हो, एक मोठी काळी पिशवी भरून कागदी ताटं, द्रोण आणि बाटल्या. ती बंगल्याच्या राखणदाराने दुसऱ्या दिवशी बांधावर पेटवली, हे नंतर कळलं. नळाला गाळणं बांधून पाणी प्यायलेल्या आम्ही बारा जणांनी त्या बांधावरच्या किती जीवांची होळी केली, ते वहीत मांडता आलं नाही.

म्हणून या नोव्हेंबरात आम्ही दोघंच गेलो, आणि मी डबा केला नाही. फक्त गाळणं आणि स्टीलची बाटली घेतली. माझ्या नणंदेला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाली, "वहिनी, तिथे खाणार काय? कुणाच्या हातचं?"

हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा. त्याकडे परत येते.

नसरापूरला महामार्ग सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की हवाच बदलते. बनेश्वरच्या झाडीत थोडं बसलो. विंझरला पोचलो तेव्हा शेतांत भाताची झोडणी चालली होती, सगळीकडे पेंढ्याचा वास. एका बाजूला राजगड, पुढे तोरणा. तोरण्याची उंची १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. यांचे गुडघे आणि माझी कंबर यांनी मिळून ठराव केला की दोन्ही खालूनच बघायचे. वेल्ह्यापर्यंत जाऊन तोरणा मान वर करून पाहिला. पालला जाऊन सईबाईंची समाधी पाहिली. त्या १६५९ मध्ये राजगडावर गेल्या, संभाजीराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे. मी तिथे बराच वेळ उभी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी एखाद्या जागी डब्याची आठवण न येता उभी होते, हेही खरं.

जेवण विंझरमधल्या एका घरी सांगितलं होतं. मी म्हटलं, "ताई, आम्ही कांदा, लसूण, बटाटा, मुळा-गाजर, जमिनीखालचं काही खात नाही. आणि दिवस मावळायच्या आत जेवतो." मला वाटलं कपाळाला आठ्या पडतील. ती म्हणाली, "काय चालत न्हाय ते कळलं. काय चालतंय ते आमच्याकडं लई हाय." आणि खरंच होतं. हिंग-जिऱ्याची फोडणी आणि हिरवी मिरची घातलेलं पिठलं, नाचणीची भाकरी, पावट्याची उसळ, नव्या तांदळाचा भात, वर ताक. पाणी तिने माझ्याच गाळण्यातून गाळलं आणि विचारलं, "रोज असं गाळता? चांगलं हाय की." साडेपाचला पानं वाढली. सूर्य अजून डोंगरावर होता.

आता नणंदेच्या प्रश्नाकडे येते. तिने "कांदा घालतील का" असं विचारलं नव्हतं. "कुणाच्या हातचं" असं विचारलं होतं. मैत्रिणींनो, इथेच मला भांडायचं आहे. आपला नियम पदार्थाचा आहे, वेळेचा आहे, पाणी गाळण्याचा आहे. वाढणाऱ्या हाताची जात विचारा, असा नियम मला कुणा महाराजांच्या प्रवचनात ऐकल्याचं आठवत नाही. तो आपण आपल्या सोयीने मागून चिकटवला आणि कांद्या-लसणाच्या नावाखाली लपवून ठेवला. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर चुकीच्या खात्यात नोंद केली.

मीही केली आहे. खूप वर्षांपूर्वी अशाच एका डोंगरातल्या गावात पावसाने आम्हाला एका घराच्या पडवीत थांबवलं. घरच्या बाईने पितळी तांब्यात पाणी आणलं. मी हसून म्हटलं, "नको, आमचं आहे बरोबर." ती तांब्या घेऊन आत गेली ती परत बाहेर आली नाही. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिच्याच छपराखाली उभं राहून आमचं पाणी पीत होतो. गाळणं तेव्हाही माझ्या पर्समध्ये होतं.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या घरात मांस-मच्छी शिजते, त्याच भांड्यात आपलं कसं शिजवायचं? हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. आम्ही गेलो तो सोमवार होता, त्यांच्याकडे तसलं काही नव्हतंच. इतर वारी काय, असं मी विचारलं तेव्हा तिने दोन वेगळे तवे दाखवले. गावात माळकरी आहेत, त्यांनाही हे लागतं. तरीही कुणाचं मन घेत नसेल तर तिने घरचं न्यावं. माझी जबरदस्ती नाही. पण मग मोकळेपणाने म्हणावं, "माझं मन घेत नाही." "गावातलं घाण असतं" असं म्हणू नये. आणि डबा नेलात तरी तांदूळ तिथून घ्या, पावटा घ्या, नाचणी घ्या. कच्च्या धान्याला तर कुणाचा हात लागत नाही ना? खरं तर लागतो, पेरण्यापासून झोडण्यापर्यंत लागतो, पण ते आपण सोयीने विसरतो.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. तोरणा त्यात नाही, पण राजगड आहे. म्हणजे या रस्त्यावर गाड्या वाढणार, बंगले वाढणार, आणि आपल्या डब्यांच्या पिशव्याही वाढणार. राजगड जवळपास पंचवीस वर्षं राजधानी होता. तेव्हाची माणसं काय पुण्याहून डबे आणत होती? ज्या खोऱ्यात एक राजधानी जेवली, तिथे आपल्या दोन माणसांची सोय होणार नाही म्हणतो आपण!

या वेळची वही अशी: दोन जेवणं तीनशे, पाच किलो इंद्रायणी चारशे, दोनदा चहा चाळीस. विंझरला राहिले सातशे चाळीस. कचरा शून्य. निघताना मी ताटं विसळायला उठले तर ती रागावली, "मावशी, बसा की आज." यांनी ते ऐकलं. घरी आल्यावर रात्री दूध यांनीच तापवलं. साय करपली, पण तापवलं.

नणंदेला दोन किलो तांदूळ पाठवला. काल तिचा फोन आला. भात छान झाला म्हणाली. मग थोडं थांबून, "वहिनी, तो दुसरा तवा लोखंडी होता की बिडाचा?"

बिडाचा, मी सांगितलं. आणि विंझरच्या ताईंचा नंबर दिला.