वाढत्या अंगाची सायकल

गेल्या महिन्यांत सोलापूरच्या एका भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या चिरंजीवास डोंगरांत चालविण्याची सायकल पाहिजे आहे. चिरंजीव म्हणतात, पोलादाची घेईन. दुकानदार म्हणतो, पोलाद जड, अ‍ॅल्युमिनियमची न्या. आणि घरचे यजमान म्हणतात, दोन्ही नकोत, हातपाय मोडून घ्याल. अशा स्थितींत काय करावें, असा त्यांचा प्रश्न आहे. आमच्यासारख्या संस्कृताच्या पंतोजीस हें विचारणें म्हणजे वैयाकरणाकडे सुताराचीं हत्यारें मागण्यासारखें आहे. तथापि या विषयाचें थोडेंसें ज्ञान आमच्या पदरीं पडलें आहे, आणि त्याचें मोल आमच्या नातवाच्या मनगटानें दिलें आहे. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस भाग वाटतें.

आमचे मधले चिरंजीव अमेरिकेंत, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरीन नांवाचा परगणा आहे तेथें राहतात. दोन वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां सहा महिने त्यांच्याकडे होतों. या परगण्यांत टॅमलपाईस नांवाचा डोंगर आहे. त्याच्या आसपासचा मुलूख हें डोंगरी सायकलीचें आजोळच म्हणावयाचें. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण मंडळी २० किलोंच्या जुन्या बोजड सायकली डोंगरावर चढवून नेत आणि वणवा विझविण्यासाठीं काढलेल्या कच्च्या रस्त्यांनीं त्या खालीं सोडीत. १९७६ पासून फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर त्यांच्या शर्यती होऊं लागल्या. लांबी सुमारें २ मैल, आणि तेवढ्यांत उतरण १,३०० फुटांची! खालीं येईपर्यंत मागील चाकांतला ब्रेक इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून धूर निघे व तें पुन्हां नव्यानें भरावें लागे. त्यावरून त्या उतारास 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हां भर', असें नांव पडलें. जुने सांगाडे हा मार सोसूं शकत ना. तेव्हां १९७७ सालीं जो ब्रीझ नांवाच्या गृहस्थानें क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा मुद्दाम या कामासाठीं बनविला. पुढें १९८१ सालीं 'स्टंपजंपर' नांवाची सायकल कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघूं लागली, तीही पोलादाचीच. सारांश, हा प्रकार जन्मला तो पोलादांतच.

पुढें जातां पुढच्या चिमट्यांत धक्के झेलण्याची योजना आली, आणि कालांतरानें मागील चाकासही ती मिळाली. ज्या सायकलीचा पुढचा चिमटा दबतो, परंतु मागील भाग नळीस नळी जोडलेला, निश्चल असतो, तीस 'हार्डटेल', म्हणजे कठीण शेपटीची, असें म्हणतात. मागें सांधे नाहींत, म्हणून किंमत कमी व निगाही कमी. आमच्या नातवास हीच पाहिजे होती. त्याचें वय तेव्हां चौदा. वर्षभर शेजाऱ्यांच्या अंगणांतलें गवत कापून त्यानें पैसे सांठविले होते. उरलेली भर बापानें घालावयाची ठरली.

दुकानदारानें मुलाची उंची मोजली. ५ फूट ४ इंच भरली. त्यानें मध्यम मापाचा सांगाडा पुढें केला. येथें आम्हीं तोंड घातलें. ज्या घरांत तीन भावांनीं एका कोटावर शाळा पार पाडली, त्या घरच्या माणसास वाढत्या मुलाला आज बेताचें बसणारें कांहीं घेणें म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटते. "वाढत्या अंगाचें घ्या," आम्ही म्हणालों, "दोन वर्षांत बापाएवढा होईल." दुकानदार मान हालवीत होता. चिरंजीव आमचा शब्द मोडीत ना. मुलानें एकदां आमच्याकडे पाहिलें आणि तो म्हणाला, "आजोबा म्हणतात तसंच घेऊं." मोठें माप घरीं आलें.

तिसऱ्या आठवड्यांत चायना कॅम्प नांवाच्या उद्यानांत, खाडीकांठच्या पाउलवाटेवर, एका वळणांत पुढचें चाक सुटलें व मुलगा उजव्या हातावर पडला. मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरांत राहिला. आईनें विचारलें तेव्हां त्यानें सांगितलें, "मीच वळणांत जोरांत शिरलों." आमच्या कुटुंबानें ती सायकल विकून टाका म्हणून धोशा लाविला. आम्हीही मुलास वेगाविषयीं चार शब्द ऐकविले, हें येथें लपवीत नाहीं.

वांकलेलें हँडल सरळ करून घेण्यास आम्ही चिरंजीवांबरोबर त्याच दुकानांत गेलों. दुकानदारानें पडण्याची रीत विचारून घेतली आणि थोडक्यांत निदान केलें. सांगाडा लांब पडल्यामुळें मुलाचे हात ताणलेले राहतात, अंग मागें राहतें, पुढच्या चाकावर वजनच येत नाहीं. मग वळणांत तें चाक माती धरणार कशाच्या बळावर? घरीं येऊन आम्हीं नातवास एकीकडे विचारिलें, "हें तुला कळलें होतें काय रे?" तो म्हणाला, "पहिल्याच दिवशीं, आजोबा. पण दोन वर्षांत बसेल म्हणून थांबलों होतों."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं जेवतांना आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, दोष मुलाचा नव्हे, वेगाचा नव्हे, सायकलीचाही नव्हे. दोष मापाचा, आणि तें माप आमचें. कुटुंब म्हणालें, "पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत, पहिलींतल्या पोराला कधीं मॅट्रिकचं पुस्तक दिलंत का?" सूनबाई कांहीं न बोलतां ताक वाढून गेल्या. यानंतर उरलेले चार महिने आम्हीं नातवाचे शिष्यत्व पत्करलें. जें शिकलों त्यांतील उपयोगाचें तेवढें पुढें देतों.

पहिली गोष्ट मापाची. सपाट जमिनीवर सायकल भिंतीशीं काटकोनांत सरळ उभी करावी व मागील टायर भिंतीस टेकवावा. भिंतीपासून पायडलांच्या आंसाच्या मध्यापर्यंतचें आडवें अंतर मोजावें. मग हँडलची उभी नळी सांगाड्यांत जेथें शिरते, त्या वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजावें. त्यासाठीं ओळंबा सोडल्यास काम सोपें होतें. दुसऱ्या अंतरांतून पहिलें वजा केलें म्हणजे उरतें त्यास 'रीच' म्हणतात. पायडलांवर उभें राहिलें असतां हात किती पुढें पोंचवावे लागतील, हें या एका आंकड्यावरून कळतें. आमच्या सांगाड्याची रीच ४७५ मिलिमीटर निघाली. मुलास ४३० च्या आसपास पाहिजे होती. पावणेदोन इंचांची ही चूक सीट पुढें सरकवून भरून निघत नाहीं. कारण डोंगर उतरतांना स्वार सीटवर बसलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट कोनाची. हँडलची नळी जमिनीशीं जो कोन करते, तो १९९० च्या सुमारास ७१ अंशांच्या आसपास असे; आज उतारासाठीं केलेल्या सांगाड्यांत तो बहुधा ६४ ते ६६ असतो. कोन जितका कलता, तितकें चाक पुढें आणि उतारावर चाल स्थिर. सावकाश चढतांना मात्र हँडल इकडेतिकडे झुकूं पाहतें. हार्डटेलमध्यें आणखी एक गोम आहे. चिमटा दबला कीं पुढची बाजू खालीं येते व मागची जागच्या जागीं राहते. त्यामुळें दर २० मिलिमीटरांस हा कोन सुमारें १ अंशानें उभा होतो. म्हणून छापलेला कोन चिमटा मोकळा असतांनाचा कीं स्वार चढल्यानंतरचा, हें विचारून घ्यावें. आणि फार लांब दबणाऱ्या चिमट्याचा लोभ धरूं नये. १२० ते १४० मिलिमीटर दबणारा चिमटा बहुतेकांस पुरतो.

आतां धातूची गोष्ट. संस्कृतांत 'धातु' म्हणजे लोखंड, तांबें इत्यादि, आणि 'धातु' म्हणजे क्रियापदाचें मूळही. दुकानांत लोक पहिल्या अर्थाचा धातु आधीं विचारतात. आमच्या मतें दुसऱ्या अर्थाचा आधीं पाहावा. चाकें, ब्रेक, सांखळी, हँडल हे सारे प्रत्यय होत; ते आज लावावे, उद्यां बदलावे. सांगाडा हें मूळ. तें माणसास जुळलें नाहीं तर कितीही उंची प्रत्यय लावा, रूप सिद्ध होत नाहीं.

माप जुळल्यावर मग पोलाद कीं अ‍ॅल्युमिनियम हें खुशाल पाहावें. पोलाद जवळजवळ तिप्पट जड व तिप्पट ताठ आहे. म्हणून त्याच्या नळ्या बारीक व पातळ भिंतीच्या करितां येतात. तरीही असला पोलादी सांगाडा अडीच ते तीन किलो भरतो. सोलापूरचा दुकानदार जड म्हणतो तें खोटें नाहीं. उंची पोलाद अधिक लवचिक असतें, ही समजूत मात्र चुकीची आहे. साऱ्या पोलादांचा ताठरपणा जवळजवळ सारखाच. उंची पोलाद बळकट अधिक, म्हणून त्याची नळी आणखी पातळ करितां येते, इतकेंच. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनीं १८९७ सालीं टोकांशीं जाड व मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट घेतलें, कारण जोडकामाची आंच व ताण दोन्ही टोकांशींच येतात. त्यांच्याच कारखान्याचें '५३१' हें प्रसिद्ध पोलाद १९३५ चें.

"पोलादावर बसलें म्हणजे अंगाला हादरे लागत नाहींत," असें सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगाड्याची उभी लवण मिलिमीटरांत मोजावयाची. उलट अडीच इंची टायर दगडावर बोटभर सहज दबतो. तेव्हां सुख पाहिजे असेल त्यानें आधीं टायराची हवा पाहावी. आमच्या नातवाच्या वजनास पुढें २० व मागें २३ पौंड पुरेशी होते. मागें थोडी अधिक असावी, कारण हार्डटेलचें मागील चाक सारा मार एकटें खातें.

मग पोलाद घ्यावें कशासाठीं? एक तर, ठराविक मर्यादेच्या आंतील ताण कितीही वेळां पडला तरी पोलाद थकत नाहीं. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाहीं, म्हणून कारागीर त्याची नळी जाड ठेवून निभावून नेतात. दुसरें, पोलादाला तडा गेला तर तो बहुधा हळूहळू वाढतो, दिसतो, आणि जाणत्या हाताकडून सांधून घेतां येतो. त्याचा शत्रु एकच, तो म्हणजे गंज. धुतल्यानंतर सीटची दांडी काढून सायकल उलटी टांगावी, म्हणजे नळींतलें पाणी निथळतें. वर्षांतून एकदां नळ्यांत आंतून तेल फिरवावें. आमच्या कोंकणी पावसांत तर यांत हयगय उपयोगाची नाहीं.

प्लास्टर निघाल्यावर मध्यम मापाचा नुसता सांगाडा आला. त्याचे पैसे आम्हीं आमच्या पेन्शनीतून दिले. मोठ्यावरचीं चाकें, चिमटा, ब्रेक सर्व त्यावर चढलें. मुलगा पुन्हां चायना कॅम्पच्या त्याच वळणावर गेला, आणि आम्ही बाजूस उभे राहून पाहत होतों. वळणापूर्वींच ब्रेक आटोपलेला, सीट खालीं, गुडघे व कोपरे वांकलेले, हनुवटी हँडलवर, नजर चाकाखालीं नसून वळणाच्या पलीकडे. चाक मातींत रुतल्यासारखें फिरलें. मागील भाग कठीण असल्यामुळें वाट निवडण्यांतली प्रत्येक चूक पायांस तत्काळ कळते, असें तो म्हणतो. चुकीच्या शब्दावर लगेच थांबविणारा गुरु आम्हांसही लहानपणीं लाभला होता. म्हणून हें म्हणणें आम्हांस पटलें.

सोलापूरच्या भगिनीस आमचें सांगणें इतकेंच: मुलास बरोबर न्यावें, सांगाड्याची रीच मोजावी, मुलास पायडलांवर उभें करून कोपरे वांकतात कीं नाहीं तें पाहावें, शिरस्त्राण घेतल्यावांचून दुकानाबाहेर पडूं नये, आणि तो "नको" म्हणाला तर कां, तें ऐकून घ्यावें. तो "चालेल" म्हणाला तर तें दुप्पट लक्षानें ऐकावें. यजमानांस आमचा नमस्कार सांगावा. त्यांची भीति खोटी नाहीं, ती मापाकडे वळवावी म्हणजे झालें.

त्या मोठ्या सांगाड्याचें काय झालें, असें वाचक विचारतील. चिरंजीवांनीं जुने सुटे भाग जमवून तो स्वतःसाठीं उभा केला, व रविवारीं बापलेक बरोबर जाऊं लागले. परवां नातवाचा फोन आला. तो आतां ५ फूट ९ इंच आहे. मध्यम सांगाडा धाकट्या बहिणीकडे जावयाचा आहे. "आजोबा, तुमचं माप आतां मला बसतं," तो म्हणाला, "पण बाबा सायकल सोडायला तयार नाहींत."