म्हण म्हणजे पुरावा नव्हे

‘एका हाताने टाळी वाजत नाही.’ पार्किंगच्या भांडणात ही म्हण चालून जाते. दोघंही जरा थंड होतात. पण नवऱ्याने मारलं म्हणून माहेरी आलेल्या मुलीला हेच ऐकवलं, की चौकशी तिथेच संपते. मारहाणीला एकच हात पुरतो, हे कोणी बोलत नाही.

म्हण चार शब्दांत पटते, म्हणूनच ती लक्षात राहते आणि वादात कामाला येते. अडचणही तिथेच. शिवाय हव्या त्या बाजूची म्हण मिळते. तिला गप्प करायला ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ आहे, तर बोलतं करायला ‘न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत’ हेही आहे. घरात पहिलीच का आठवते?

थोरांच्या नावाच्या सुविचारांची गत वेगळी नाही. ‘जगात हवा तो बदल स्वतः व्हा’ हे गांधीजींच्या नावावर फिरणारं वाक्य त्यांच्या लेखनात त्या शब्दांत सापडत नाही. नाव मोठं, म्हणून कोणी तपासत नाही.

माहेरी आलेल्या त्या मुलीला आधी विचारा, नेमकं काय झालं. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५चा कायदा आहे, महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे. तोही तिला सांगा.