गटारात पडेल तोच व्यसनी?

आपल्याकडे माणूस व्यसनी आहे की नाही, हे त्याचा खिसा बघून ठरतं. देशीच्या गुत्त्यावरून झिंगत येणारा हमाल बेवडा. रोज रात्री ग्लासात बर्फ किणकिणवणारे साहेब मात्र ‘सोशल’. आणि मशेरी लावल्याशिवाय जिला परसाकडला होत नाही ती आजी? छे, तिला नुसती सवय आहे!

असली लबाडी मोठमोठ्यांनी केली आहे. सिगारेटने कर्करोग होतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने १९६४ साली ठणकावलं. पण ती ओढणं ही सवय आहे, व्यसन नव्हे, असंही त्याच अहवालात लिहिलं. तो शेरा बदलायला १९८८ उजाडलं. तोवर निकोटिन होतं तसंच होतं. पुढे १९९४ मध्ये सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं, की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. त्यांना निदान त्याचा पगार मिळत होता. आपण तीच साक्ष फुकट देतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत व्यसनाची सहा लक्षणं दिली आहेत: अनावर तलफ, ताबा सुटणं, बंद केल्यावर होणारा त्रास, वाढत जाणारी मात्रा, बाकी आयुष्याची हेळसांड आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. वर्षभरात यातली तीन जुळली की पुरे. गटारात पडणं या यादीत नाही. बाटलीची किंमतही नाही. पगार मुकाट घरी आणणारा, पण पुडी संपली की पोराबाळांवर खेकसणारा सद्गृहस्थ या परीक्षेत आरामात पास होतो.

माझ्या लेखी शेवटचं लक्षण सगळ्यांत मोलाचं. कारण शरीराला एखाद्या औषधाची सवय झाली, एवढ्यावर कुणी व्यसनी ठरत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्याची वाढती मात्रा आणि बंद केल्यावरचा त्रास अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचे निकष मोजतच नाहीत. ज्याने वेदना थांबते आणि माणूस दोन घास खातो, त्याला व्यसन म्हणायचं कशाला?

पण हे आपल्या नातेवाइकांना सांगून बघा. आयुष्यभर तंबाखू खाऊन जबड्याच्या कर्करोगाने तळमळणारा म्हातारा, आणि थोरला मुलगा डॉक्टरांना म्हणतो, “मॉर्फिन नको, व्यसन लागेल.” १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणं मुश्किल केलं होतं, २०१४ मध्ये दुरुस्ती करून ती अडचण कमी केली. कायदा सैल झाला, थोरले मुलगे झाले नाहीत. चार दिवसांच्या सोबत्याला कसलं व्यसन लागणार आहे, आणि लागलंच तर कुणाचं काय बिघडणार आहे, हे त्या थोरल्या मुलाला जरूर विचारा. मात्र उत्तराला जरा वेळ लागेल. तोंडातला बार आधी थुंकावा लागतो.