नाडी ५४, तरीही...

ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी आठवड्यातून तीनदा किंचाळते. तेही पैसे भरून! कराटेला सहा वर्षं झाली. डेडलाइन, एडिटर, घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, प्रत्येकाच्या नावाने एकेक 'किआय' ठोकला की कसं मस्त वाटतं.

क्लास लावला तेव्हा फंडा एकच होता, वजन. नाडी मोजायचं खूळ सरांचं. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, मनगटावर दोन बोटं. तेव्हा मिनिटाला ७८ ठोके पडायचे, आता ६२. सोळाच कमी? गुणाकार करा बॉस, दिवसाचे तेवीस हजार होतात. (क्लासमध्ये धापा टाकताना त्यातले थोडे परत खर्च होतात, ते सोडा.) शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. सराव मुरला की डावा कप्पा एका दणक्यात जास्त रक्त ढकलतो, म्हणून तेवढंच काम कमी ठोक्यांत उरकतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतो आणि त्या सैलावतात. या वायूचं शरीरातलं काम उलगडणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालंय.

अर्थात रांगेत उभं राहून आपल्या टर्नची वाट बघणं म्हणजे कार्डिओ नव्हे. खरी धाप लागते ती कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत. झडप, थांबा, पुन्हा झडप. सांचिन हा काता नेमका उलटा. सगळं अंग आवळून, सावकाश. आवळलेल्या स्नायूंमुळे बीपी तेवढ्यापुरतं चढतं, श्वास कोंडला तर आणखीच. म्हणून सर मागून ओरडतात, "श्वास सोड गं!"

तर हे आमचे सर. वय ५६, ब्लॅक बेल्टला तीस वर्षं झालेली, नाडी ५४. गेल्या पावसाळ्यात हॉलचा जिना चढताना त्यांचा जबडा दुखायला लागला. वर येऊन बसले की थांबायचा. "दाढ असेल," ते म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. मी तर लवंगेचं तेल आणून दिलं. मी, जिने हेल्थवर डझनभर कॉलम खरडलेत!

चौथ्या दिवशी काकूंनी ऐकलं नाही, सरळ हॉस्पिटलात नेलं. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी ९० टक्के बंद निघाली. त्यांचे वडील ५१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेले. सरांनी मात्र कोलेस्टेरॉल आयुष्यात एकदाही तपासलेलं नव्हतं. 'मला काय धाड भरलीय?' नाडी संथ म्हणजे हृदयाचा पंप दमदार, इतकंच. नळ्यांत काय साचलंय ते ती सांगत नाही. सरावाने धोका कमी होतो, पण घराण्याचा वारसा पुसला जात नाही. हे मला पुस्तकी माहीत होतं. जिन्यावर आठवलं नाही.

स्टेंट बसला. पुढच्याच रविवारी आम्ही अकरा जण उपाशीपोटी लॅबबाहेर रांगेत होतो. माझं एलडीएल १४८ निघालं. वय २८.

तीन महिन्यांनी सर परतले. सध्या खुर्चीत बसूनच ओरडतात. परवा मनगट पुढे करून म्हणाले, "बघ, ५०! अजून उतरली."

काकू डबा घेऊन दारात उभ्या होत्या. "ती गोळीने उतरलीय," त्या म्हणाल्या. "आणि आजची घ्यायची राहिलीय."