हडळीची बाजू

स्त्रीमुक्तीचे काम करणाऱ्या बाईने ‘मला भुताचे सिनेमे आवडतात’ असे सांगितले की मैत्रिणींच्या भुवया उंचावतात. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आपण सह्या गोळा केल्या, अंगात येण्याच्या प्रश्नावर शिबिरे घेतली आणि ही बाई रामसे बंधूंचे चित्रपट आवडीने पाहते! ‘अगं, बायकांना किंचाळायला लावायचं आणि भिजवायचं, याशिवाय काय असतं त्यात?’ असे मला अनेकींनी ऐकवले आहे. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही मी भयपट पाहते. इतकेच नव्हे, तर ते आपण सगळ्याजणींनी पाहावेत आणि त्यांच्याशी नीट भांडावे, असे माझे मत आहे. का, ते इथे मांडते.

आधी आपल्या भुतांची जातकुळी पाहू. प्रदेशागणिक नावे आणि तपशील बदलतात, पण साधारण चित्र असे दिसते: ब्राह्मण पुरुष वासना राहून मेला तर ब्रह्मसमंध होतो. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला तर मुंज्या होतो. म्हणजे पुरुषाचे भूत आपली जात आणि आपले संस्कार बरोबर घेऊन जाते. बाईचे काय? सवाष्ण मेली तर जखीण. बाळंतपणात किंवा विटाळशी असताना गेली तर हडळ किंवा अळवंतीण. म्हणजे मेल्यावरही बाईची ओळख नवऱ्यावरून आणि गर्भाशयावरूनच! अशा बाईचे प्रेत नेताना वाटेवर राळे टाकायचे, उंबऱ्यात खिळा ठोकायचा, अशा प्रथांच्या नोंदी लोकाचारांवरील जुन्या पुस्तकांत सापडतात. ती परत येऊ नये म्हणून एवढी खबरदारी घेतली जाई. ती मरू नये म्हणून मात्र कोणी काही केल्याचे त्या नोंदींत दिसत नाही. कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, अंगात रक्त नाही, दवाखाना नाही, आणि ती मेली की गावाला तिचीच भीती. ज्याच्यावर आपण अन्याय केला तो एक दिवस जाब विचारायला येईल, ही भीती आहे ती. हडळ म्हणजे गावाने कबूल न केलेला गुन्हा, असे मला वाटते.

आता सिनेमाकडे येऊ. आमच्या शहरातल्या (तेव्हाचे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) एकपडदा टॉकीजमध्ये ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत हिंदी सिनेमे पाहिले, त्यांना रामसे बंधूंची ओळख सांगायला नको. रबरी मुखवटे, धूर, पडकी हवेली आणि मध्येच एखादा विनोदी नोकर. समीक्षकांनी या चित्रपटांना नाके मुरडली. पण ‘पुराना मंदिर’ (१९८४) या त्यांच्या गाजलेल्या चित्रपटातला शाप काय होता, आठवते? त्या राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, हा सामरीचा शाप. म्हणून बाप मुलीला प्रेम करू देत नाही, लग्न करू देत नाही. मुलगी वाचावी असे वाटते, पण उपाय एकच सुचतो: तिला कोंडून ठेवणे. हे काय फक्त राजघराण्यात घडते?

‘बंद दरवाजा’ (१९९०) तर थेट व्हॅम्पायरपट. काळ्या पहाडीवर राहणारा नेवला रक्त पितो. पण गोष्ट सुरू होते ती मूल होत नाही म्हणून छळल्या जाणाऱ्या ठकुराइणीपासून. नवरा दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी करतो. मोलकरीण तिला काळ्या पहाडीची वाट दाखवते आणि नेवला अट घालतो: मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. गर्भलिंगचाचणीची दुकाने गावोगाव निघत होती त्या काळातला हा सिनेमा. महाराष्ट्राने ती चाचणी रोखणारा कायदा १९८८ मध्ये केला, देशाने १९९४ मध्ये. ‘मुलगा तुमचा, मुलगी आमची’ हा करार त्या दिवसांत रक्तपिपासू राक्षसाच्या तोंडी यावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. रामसेंनी हे जाणून-बुजून केले असे माझे म्हणणे नाही. त्यांना तिकिटे विकायची होती. पण लोकांना घाबरवायचे तर लोक कशाला घाबरतात ते शोधावे लागते. ते शोधताना हे धंदेवाईक लोक बाळंतपण, वांझपण आणि मुलीचा जन्म इथवर पोचले. त्या काळातल्या कौटुंबिक चित्रपटांत सून सासूचे पाय धरत होती आणि सगळे गोड होत होते. घरात बाईच्या जिवाला धोका असतो, हे भयपट तरी सांगत होते.

आता माझी तक्रार. गोष्ट बाईच्या भीतीची असली तरी कॅमेरा पुरुषाचा असतो. नायिका न्हाणीघरात गेली की कॅमेरा आत शिरतो आणि तिचा गळा धरणारा हात व तिच्याकडे टक लावून बसलेला प्रेक्षक एकाच बाजूला उभे राहतात. जी मुलगी मोकळेपणाने वागते ती आधी मरते. ‘जानी दुश्मन’मध्ये (१९७९) राक्षस लाल शालूतल्या नवऱ्या मुलींना पळवतो. सासरी जाणाऱ्या मुलीच्या पोटातली खरीखुरी भीती तिथे हाताला लागली होती, पण सिनेमाला रस कोणता पहिलवान राक्षसाला लोळवतो यात.

परदेशातही वेगळे नाही. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही व्हॅम्पायरपटांची गंगोत्री. तिच्यात लूसीला तीन पुरुष मागणी घालतात. तिघांशीही लग्न करता आले असते तर, असे ती गमतीने लिहून जाते. पुढे ती व्हॅम्पायर झाल्यावर तिच्या छातीत खुंटी ठोकायचे काम होणाऱ्या नवऱ्याच्याच हातून करवले जाते. दुसरी मीना. तिला लघुलेखन येते, टंकलेखन येते. सगळ्यांच्या डायऱ्या टंकून, तारखा जुळवून ती ड्रॅक्युलाचा माग लावायला मदत करते. आणि मग पुरुष ठरवतात की हे बायकांचे काम नाही, तिला बैठकीत घ्यायला नको. ते बाहेर शोध घेत असतात, तेव्हाच ड्रॅक्युला मीनाला गाठतो. इतिवृत्त बाईने लिहायचे आणि निर्णय पुरुषांनी घ्यायचे, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणींना संघटनांत, पक्षांत आला असेल! त्याचा परिणाम काय होतो, हे त्या कादंबरीत रक्ताने लिहिले आहे.

इतकी वर्षे हे सिनेमे पाहून मला एक फरक जाणवला आहे. पुरुषाच्या भुताला बाई हवी असते. बाईच्या भुताला न्याय हवा असतो. ड्रॅक्युला, नेवला, ‘मुंज्या’तला (२०२४) गोट्या, सगळ्यांचे मागणे एकच: ती मला पाहिजे. तिला काय पाहिजे हे विचारायचे नाही. ‘मुंज्या’ हा आदित्य सरपोतदार यांचा कोकणातला चित्रपट विनोदी आहे. पण मुलीचा नकार पिढ्यानपिढ्या न पचवणारा मुलगा मला त्या केसाळ भुतापेक्षा जास्त ओळखीचा वाटला. याउलट ‘भूत’मधली (२००३) मंजीत पाहा, ‘स्त्री’मधली (२०१८) नवरी पाहा. दोघींचा खून झालेला आहे आणि त्याची दाद कोणी घेतलेली नाही. ‘स्त्री’मध्ये रात्री पुरुषांनी घराबाहेर पडायचे नाही, असा उलटा न्याय आहे. ती आधी हाक मारते, जबरदस्ती करत नाही, असेही त्यात एक पात्र सांगते. टॉकीजमध्ये त्यावर बायका जास्त मोठ्याने हसल्या, ते उगीच नव्हे.

अन्विता दत्त यांच्या ‘बुलबुल’ने (२०२०) तर हडळीच्या उलट्या पावलांचा उलगडाच केला. त्या बंगाली हवेलीतल्या बालवधूची पावले नवऱ्याने ठेचलेली आहेत. लहानपणी आपल्याला सांगत, पाय उलटे असले की ओळखावे हडळ आहे. कोणी केले ते पाय उलटे, हे विचारायचे कोणाला सुचले नव्हते. एका बाईने सिनेमा काढला आणि विचारले.

मराठीत या वाटेने गेलेला चित्रपट म्हणजे विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). त्याचीच पुढे हिंदीत ‘छोरी’ (२०२१) झाली. दिवस भरत आलेली नेहा उसाच्या फडातल्या एका घरात येते. पूजा सावंतने ती भूमिका जीव ओतून केली आहे. उषा नाईक यांची तुळसाबाई तिची काळजी घेते. हळूहळू कळते की त्या फडात मुलींचे जीव घेतलेले आहेत, आणि मग भीती भुतांची उरत नाही, जिवंत माणसांची वाटू लागते. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तो आकडा माहीत असलेल्या बाईला या चित्रपटात भुताची गरजच पडत नाही.

पैठण तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांबरोबर मी हा चित्रपट पाहिला. संपल्यावर ऊसतोडीला जाणारी एक बाई म्हणाली, ‘उसात भूत कशाला पाहिजे ताई? मुकादम हाय की.’ सगळ्या हसल्या, आणि मग बोलायला लागल्या. उचलीबद्दल, अंधारात उठण्याबद्दल, पाळीच्या दिवसांत खाडा झाला की कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल, ‘पिशवी’ काढण्याबद्दल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारने पाहणी केली. ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. रक्त पिणारे पहाडीवर राहत नाहीत, एवढे त्या बायकांना कोणी शिकवायला नको होते. शिबिरात तीन तास भाषण करून जे निघाले नसते, ते या सिनेमाने अर्ध्या तासात काढले. ‘लपाछपी’त एक उणीव मला जाणवते. फड आहे, पण फडात राबणारी बाई नाही. ती गोष्ट अजून कोणीतरी सांगायची आहे.

आता सगळ्यांत गंभीर मुद्दा. भयपट अंधश्रद्धा पसरवतात का? काही नक्की पसरवतात. ‘भूत’ मला आवडतो, उर्मिला मातोंडकरचे काम तर फारच. पण त्यात डॉक्टर हरतो आणि तांत्रिक बाई जिंकते. असे शेकडो चित्रपट आहेत. पोरीला बांधा, मांत्रिक आणा, मंत्र म्हणा, पोर बरी होते. वास्तवात काय होते? बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला आमच्या भागातून ‘बाधा’ झालेली म्हणून माणसे नेतात, त्यांत मनाच्या आजाराने खचलेल्या बायका असतात. नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपण वाचल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे कायदा ज्याला गुन्हा म्हणतो, तेच पडद्यावर उपचार म्हणून दाखवले जाते आणि त्यावर टाळ्या पडतात.

यावर बंदी हा उपाय मला पटत नाही. बंदीची मागणी आज आपण केली तर उद्या ती आपल्याच नाटकांवर आणि गाण्यांवर येईल. त्यापेक्षा प्रत्येक भुताच्या सिनेमाला तीन प्रश्न विचारावेत. ही बाई मेली कशी, हे सिनेमा सांगतो का? तिला शांत करतात ते न्याय देऊन की मारून-मंत्रून? आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांत पाहतो की तिच्या अंगावर? या प्रश्नांना ‘पुराना मंदिर’ अर्धामुर्धा उतरतो, ‘बुलबुल’ आणि ‘लपाछपी’ बऱ्याच उतरतात, आणि मोठाले पैसे ओतून काढलेले कितीतरी सिनेमे पहिल्याच प्रश्नाला गार होतात. ‘थामा’ने (२०२५) रक्त पिणारे वेताळ मोठ्या पडद्यावर आणलेच आहेत. या लाटेत असे सिनेमे आणखी येतील. आपल्या पोरी ते पाहणार आहेत, आपण नाक मुरडले तरी.

म्हणून माझी सूचना अशी: गटाच्या बैठकीत एकदा असा एखादा सिनेमा लावा. घाबरायचे तिथे घाबरा, हसायचे तिथे हसा. मग आपापल्या गावातल्या हडळीची गोष्ट प्रत्येकीने सांगायची. कोणत्या विहिरीवर, कोणत्या चिंचेखाली ती दिसते म्हणतात? ती कोणाची लेक, कोणाची सून होती? कशाने गेली? म्हाताऱ्या बायकांना हे ठाऊक असते, त्यांना कोणी विचारत नाही इतकेच. ज्या गोष्टी निघतील त्या लिहून आमच्याकडे पाठवा. पोलिसांत ज्यांची नोंद झाली नाही असे कितीतरी मृत्यू त्यांत सापडतील, याची मला खात्री आहे.