डाव बरोबर, हात थरथरला: ईस्पोर्ट्समध्ये नेमकं मोजायचं काय?

समजा तुम्ही एज ऑफ एम्पायर्स टू खेळताय. तुमचे वीस तिरंदाज पुढे निघालेत आणि समोरच्याच्या मँगोनेलने, म्हणजे दगड फेकणाऱ्या यंत्राने, दगड सोडला. काय करायचं ते तुम्हाला पक्कं माहितीये. अर्धे तिरंदाज डावीकडे, अर्धे उजवीकडे, दगड मधल्या मोकळ्या जागेत पडू द्यायचा. त्यासाठी साधारण एका सेकंदात माउसने अर्ध्या सैनिकांभोवती चौकट ओढायची आणि योग्य जागी क्लिक करायचं.

पण माउस धरलेला हात थरथरतो. चौकट भलतीकडेच ओढली जाते आणि सगळे तिरंदाज एका दगडात जातात. बघणाऱ्याला वाटतं, याचा डाव चुकला. डाव बरोबर होता, हाताने साथ दिली नाही.

ज्यांच्या हाताला कंप आहे, बोटं नीट वळत नाहीत किंवा एकच हात चालतो, अशा खेळाडूंसाठी हे रोजचं आहे. आणि आता हा फक्त घरी बसून खेळणाऱ्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. आपल्याकडे चर्चा झाली ती पैसे लावून खेळायच्या ॲप्सवर आलेल्या बंदीची आणि टीम इंडियाच्या जर्सीवरून गेलेल्या ड्रीम इलेव्हनची. पण त्याच कायद्यात ईस्पोर्ट्सची व्याख्याही आहे. ईस्पोर्ट्सचा निकाल कशावर ठरला पाहिजे? तर शारीरिक कौशल्य, बुद्धीची चपळता, डावपेचांचा विचार आणि अशाच इतर कौशल्यांवर.

तिन्ही गोष्टी एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम. आता ज्याच्याकडे पहिली गोष्ट कमी आहे आणि पुढच्या दोन भरपूर आहेत, त्याने काय करायचं? याबद्दल ती व्याख्या काही बोलत नाही.

डोक्याच्या खेळात हाताचं काय काम?

स्ट्रॅटेजी गेम म्हटलं की बुद्धिबळासारखा निवांत खेळ डोळ्यासमोर येतो. एज ऑफ एम्पायर्स किंवा स्टारक्राफ्ट तसे नाहीत. यांना रिअल टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात, म्हणजे इथे तुझी चाल, माझी चाल असा प्रकारच नाही. दोघंही एकाच वेळी खेळतात. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरच्याचे कामगार सोनं खणतच असतात.

त्यामुळे इथे एक आकडा फार मिरवला जातो, तो म्हणजे एपीएम. एका मिनिटात तुम्ही किती कृती केल्या याचं हे माप. स्टारक्राफ्टच्या व्यावसायिक खेळाडूंचा एपीएम ३०० च्या पुढे सहज जातो. म्हणजे सेकंदाला पाच क्लिक किंवा बटणं, तेही वीस-पंचवीस मिनिटं न थांबता. यातला बराच भाग डावपेचांचा नसतोच. कामगार बनव, इमारतीवर परत जा, पुन्हा कामगार बनव, सैन्य बघ. अंगवळणी पडलेली हमाली म्हणा ना.

ही हमाली धडधाकट हातांनाही झेपत नाही. दक्षिण कोरियाचा फ्लॅश, म्हणजे ली यंग-हो, हा स्टारक्राफ्टच्या इतिहासातला सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. २०११ मध्ये त्याच्या हातावर शस्त्रक्रिया करावी लागली. डोटा टू खेळणारा अमेरिकेचा क्लिंटन लूमिस, टोपणनाव फिअर, याला तर चक्क टेनिस एल्बो झाला. टेनिस एल्बो म्हटलं की आपल्याला २००४ चा सचिन आठवतो. फिअरला त्यापायी २०१४ मध्ये बाहेर बसावं लागलं. पुढच्याच वर्षी परत येऊन त्याने संघासोबत डोटाची सर्वांत मोठी स्पर्धा, द इंटरनॅशनल, जिंकली.

पण दुखापत बरी होते. कंप बहुतेक वेळा सोबतच राहतो.

थरथर सगळी सारखी नसते

हात थरथरताना दिसला की आपण लगेच पार्किन्सन्स म्हणून मोकळे होतो. पार्किन्सन्समध्ये बहुधा हात स्वस्थ असताना थरथरतो आणि काही करायला घेतलं की थरथर थोडी कमी होते. इसेन्शियल ट्रेमर नावाचा दुसरा प्रकार, जो बराच जास्त आढळतो, त्याचं उलटं आहे. हात मांडीवर असेल तर शांत आणि चहाचा कप ओठांजवळ नेला की थरथर सुरू. लक्ष्य जितकं जवळ, तितका हात जास्त हलतो. माउसने छोट्याशा सैनिकावर नेम धरणं म्हणजे नेमकं हेच काम.

त्यात ताण, जागरण आणि कॉफीने थरथर वाढते. रँक लागणारा सामना रात्री एक वाजता कॉफी पिऊन खेळणाऱ्यांनी यातून काय ते समजून घ्यावं. थायरॉइड वाढलं असेल तरी हात थरथरतात, दम्याच्या काही औषधांनीही थरथरतात. त्यामुळे नवीनच थरथर सुरू झाली असेल तर गेमिंग फोरमवर उपाय विचारण्याआधी डॉक्टर गाठा. इसेन्शियल ट्रेमरवर डॉक्टर अनेकदा प्रोप्रानोलॉल देतात. हे बीटा-ब्लॉकर गटातलं औषध आहे आणि याच गटावर नेमबाजी आणि तिरंदाजीत उत्तेजक म्हणून बंदी आहे, कारण हात स्थिर राहतो. एका खेळाडूचा उपचार, दुसऱ्याची लबाडी. हा पेच पुढे पुन्हा येणार आहे.

शिफ्ट पाच वेळा दाबलं की येतं ते

गेम खेळताना शिफ्ट बटण पटापट पाच वेळा दाबलं की विंडोजची एक खिडकी मध्येच उघडते आणि आपण शिव्या घालत ती बंद करतो. स्टिकी कीज. मीही कॉलेजभर घातल्या. ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तिच्याच शेजारी फिल्टर कीज आहे. हात थरथरून एकच बटण चुकून दोन-तीनदा दाबलं गेलं तर कॉम्प्युटर ते एकदाच धरतो. लिहायला उत्तम. पण स्टारक्राफ्टमध्ये मुद्दाम तेच बटण पटापट दाबावं लागतं, तिथे हीच सोय आडवी येते.

माउससाठी स्टेडीमाउससारखी सॉफ्टवेअर आहेत. हाताची थरथर ओळखून ती गाळायची आणि पॉइंटर सरळ न्यायचा, हे त्यांचं काम. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला, तो विंडोजच्या कॉम्प्युटरलाही चालतो. त्याला वेगवेगळी बटणं आणि पेडल जोडता येतात. म्हणजे कोपराने, गुडघ्याने, पायाने, शरीराचा जो भाग नीट चालतो त्याने खेळा.

बाकीचं खेळाडू स्वतः जमवतात. माउसचा वेग कमी ठेवायचा, म्हणजे हात इंचभर हलला तरी पॉइंटर थोडाच हलतो. शक्य तितकी कामं माउसवरून कीबोर्डवर न्यायची. आणि मुळात डावच असा निवडायचा की हाताची कसरत कमी लागेल. तिरंदाजांऐवजी घोडेस्वार घ्यायचे, कारण त्यांना सेकंदासेकंदाला सांभाळावं लागत नाही. स्वतःच्या हाताची मर्यादा धरून डाव आखणं, यालाच तर स्ट्रॅटेजी म्हणतात. पण समोरच्याला दोन-तीन लढाया बघून हे कळतं आणि मग तो तुमच्या मर्यादेवरच खेळायला लागतो.

मशीनचे हात बांधले, तेव्हा

हात आणि डोकं वेगळं काढता येतं का? याचं उत्तर गेमिंगच्या जगाने एकदा दिलेलं आहे, फक्त माणसांच्या बाबतीत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये गुगलच्या डीपमाइंड कंपनीने अल्फास्टार हा प्रोग्राम जगासमोर आणला. स्टारक्राफ्ट टूमध्ये त्याने टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना मिळून १० सामन्यांत हरवलं आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणात मानाविरुद्ध एक सामना गमावला. त्याचा सरासरी एपीएम २८० च्या आसपास होता, म्हणजे माणसापेक्षाही कमी. तरी खेळाडू चिडले. ऐन लढाईत तो अचानक हजाराच्या वर जायचा आणि त्यातली एकही क्लिक वाया जायची नाही. आक्षेप असा होता की हा डोक्याने जिंकलेला नाही, हाताने जिंकलाय.

डीपमाइंडने आक्षेप मानला. पुढच्या आवृत्तीत अल्फास्टारला पाच सेकंदांत जास्तीत जास्त २२ वेगळ्या कृतींची मर्यादा घातली. तरीही तो ग्रँडमास्टर पातळीला पोहोचला आणि मग कुणी फारसं कुरकुरलं नाही.

म्हणजे मशीनचा हात फार चांगला होता तेव्हा सगळ्यांना पटलं की डावपेच तपासायचे असतील तर हाताचा फरक मिटवावा लागेल. माणसाचा हात फार वाईट असेल तर मात्र उत्तर मिळतं, सराव वाढव.

गेम बनवणाऱ्यांनी हमाली कमी केलेलीच आहे. १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये एका वेळी १२ च सैनिक निवडता यायचे, २०१० च्या दुसऱ्या भागात ती अट गेली. जुने खेळाडू ओरडले की गेम सोपा केला. एज ऑफ एम्पायर्स टूमध्ये शेत संपलं की हाताने पुन्हा पेरावं लागायचं, २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनपासून ते आपोआप पेरलं जातं. त्याने गेम बुडाला नाही, उलट वीस वर्षं जुना गेम नव्याने चालला. यातली एकही सोय दिव्यांग खेळाडूंसाठी म्हणून आली नव्हती, पण सर्वांत जास्त उपयोग त्यांना झाला असणार, असं मला वाटतं.

घोडं अडतं ते नियमावलीत

अनेक स्पर्धांमध्ये मॅक्रोला बंदी असते. मॅक्रो म्हणजे एक बटण दाबलं की चार कामं आपोआप होणं. बंदी योग्यच आहे, नाहीतर पैसे टाकून कौशल्य विकत घेता येईल. पण थरथर गाळणारं सॉफ्टवेअर मॅक्रो धरायचं का? पायाच्या पेडलने कंट्रोल बटण दाबलं तर? माझ्या मते रेघ अशी मारता येते: तुम्ही ठरवलेली कृती नीट पोहोचवणारं साधन चालावं, तुमच्या वतीने ठरवणारं चालू नये. थरथर गाळून पॉइंटर सरळ नेणं पहिल्या खात्यात. दगड आला की सैनिक आपोआप बाजूला नेणं दुसऱ्या खात्यात.

बुद्धिबळाने हे कधीच सोडवलंय. फिडेच्या नियमांत लिहिलेलं आहे की खेळाडूला सोंगट्या हलवता येत नसतील तर तो सहायक आणू शकतो, फक्त तो पंचांना मान्य हवा. घड्याळ दाबता येत नसेल तरी सहायक चालतो. दिव्यांग खेळाडूंचं पहिलं बुद्धिबळ ऑलिम्पियाड २०२३ मध्ये बेलग्रेडला झालं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हा तिने सोंगटी किती वेगाने उचलली हे कुणी विचारलं नाही.

आणि आपल्याकडे तर याहून जवळचं उदाहरण आहे. परीक्षेतला लेखनिक. विकाश कुमार नावाच्या यूपीएससीच्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला घेतलं की हात आखडायचा. त्याने लेखनिक मागितला. आयोगाने नाकारला, कारण त्याचा त्रास ४० टक्क्यांच्या बेंचमार्क दिव्यांगत्वात बसत नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल लागला की त्याला लेखनिक मिळालाच पाहिजे आणि ४० टक्क्यांची अट लावून सोय नाकारता येणार नाही. हस्ताक्षर तपासणं हा परीक्षेचा हेतूच नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांचाही वेगळा उल्लेख आहे. दिव्यांगांना खेळता यावं म्हणून सुविधा बदलणं आणि तंत्रज्ञान विकसित करणं ही जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. पार्किन्सन्स त्या कायद्याच्या २१ प्रकारांत आहे.

मग अडचण काय?

आहे, आणि ती खोटी नाही. परीक्षेत अक्षर मोजायचं नसतं हे सगळ्यांना मान्य आहे. स्टारक्राफ्टमध्ये हाताचा वेग मोजायचा नसतो, हे सगळ्यांना मान्य नाही. बऱ्याच प्रेक्षकांना तोच बघायचा असतो. कायद्यानेही शारीरिक कौशल्य पहिल्या नंबरला लिहून ठेवलंय. दुसरं म्हणजे लबाडी. बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांचे वाद महाराष्ट्राने कमी पाहिलेले नाहीत. लाखोंचं बक्षीस असेल तर इथेही कुणीतरी थरथरणारा हात घेऊन येईलच.

दुसऱ्या अडचणीवर उपाय आहे. साधन आधी तपासायला द्यायचं, सामना त्याच साधनावर खेळायचा. पहिलीवर सरसकट उत्तर नाही, ते खेळागणिक बदलेल. हार्थस्टोनसारख्या पत्त्यांच्या गेममध्ये एका चालीला ७५ सेकंद मिळतात. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये, ईस्पोर्ट्स फक्त प्रात्यक्षिक खेळ होता तेव्हा, भारताच्या तीर्थ मेहताने त्यातच कांस्य मिळवलं होतं. अशा खेळात सहायक साधन नाकारायला मला एकही कारण दिसत नाही. स्टारक्राफ्टमध्ये वाद होईल, आणि तो व्हायला हवा. पण तो नियम लिहिताना व्हावा. सामन्याच्या दिवशी, पेडल घेऊन आलेल्या मुलासमोर नको.

तोवर तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी स्पर्धेत उतरणार असेल, तर नाव नोंदवण्याआधी आयोजकांना ईमेल करा. कोणतं साधन वापरता, ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे लिहा. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा आणि होकार लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, चालेल" पंचासमोर उपयोगाला येत नाही.