दूध तोडण्याआधी आतडे तयार हवे

26 जून 2022 पासून युरोपीय संघात डुकराच्या पिल्लांच्या खाद्यात औषधी मात्रेने झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचे संयुग, मिसळायला बंदी आहे. दूध तोडल्यावर पिल्लांना लागणारी हगवण रोखण्यासाठी तिथले वराहपालक एक किलो खाद्यात 2,500 मिलिग्रॅम जस्त दोन आठवडे देत असत. उपाय लागू पडत होता. पण त्यातले बहुतेक जस्त विष्ठेवाटे शेतजमिनीत साचत होते. शिवाय औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंनाही त्याने बळ मिळत होते. वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्याची सोय तर 2006 मध्येच बंद झाली होती. त्यामुळे डेन्मार्कसारख्या देशांना मूळ प्रश्नाकडे वळावे लागले: दूध तुटताच हे आतडे एवढे का बिघडते?

वारेतून आईची रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाकडे पोहोचत नाहीत. ती चिकातून मिळतात आणि तीही साधारण पहिल्या दिवसभरातच. नंतर आतड्याची ती वाट बंद होते. पुढचे काही आठवडे पिल्लाचे पोट केवळ दुधासाठी घडलेले असते. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य भरपूर असते, तर पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज अगदी थोडे. जठरात आम्लही कमी तयार होते. ती उणीव दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवणारे उपयुक्त जिवाणू भरून काढतात.

रानडुकराचे पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे झाले की आईमागे माती उकरू लागते, मुळे-किडे चाखते, आणि त्याचे दूध कित्येक आठवड्यांत हळूहळू सुटते. आधुनिक फार्मवर हाच बदल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका दिवसात घडवला जातो. आई जाते, जागा बदलते, अनोळखी पिल्ले सोबतीला येतात आणि दुधाऐवजी कोरडे खाद्य समोर येते. अनेक पिल्ले पहिला दिवस, काही तर दोन दिवस, तोंडच लावत नाहीत.

या उपासाचा फटका थेट आतड्याला बसतो. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला व्हिलाय नावाचे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषण्याचे काम तेच करतात आणि त्यांचे स्वतःचे पोषणही बरेचसे आतड्यातून जाणाऱ्या अन्नावर होते. अन्न थांबले की 24 तासांतच त्यांची उंची सुमारे पाऊण होते आणि पुढचे काही दिवस घटत राहते. त्यानंतर भुकेले पिल्लू एकदम खूप खाते. न पचलेली प्रथिने पुढे सरकतात आणि त्यांवर ई. कोलाय जिवाणूंचे घातक प्रकार पोसतात. त्यांचे विष शरीरातले पाणी आतड्यात ओढते, आणि पातळ हगवणीने पिल्लू पाहता पाहता सुकते.

क्रीप फीडिंग, म्हणजे आईपाशी असतानाच दिलेला पूरक खुराक, नेमका इथे उपयोगी पडतो. पिल्लांना शिरता येईल पण आईचे तोंड पोहोचणार नाही असा कप्पा करून तिथे सातव्या ते दहाव्या दिवसापासून चिमूटभर खाद्य ठेवतात. मक्याचा बारीक भरडा, दूध भुकटी, चांगली पेंड आणि थोडी मासळीची भुकटी हे त्यातले नेहमीचे घटक. पिल्लू हुंगते, चघळते, गिळते. त्याला कोरड्या खाण्याची ओळख होते आणि पिष्ट पचवणाऱ्या द्रव्यांना हळूहळू चालना मिळते.

मात्र या खुराकाकडून भलत्या अपेक्षा नकोत. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्ले फारच थोडे खातात. खरे खाणे चौथ्या आठवड्यात वाढते. एकाच विताची काही पिल्ले रोज खातात, काही शेवटपर्यंत शिवतही नाहीत. म्हणून विताची सरासरी फसवी असते, आणि केवळ दूध तोडतानाचे वजन मोजणाऱ्याला हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. पण जी पिल्ले आधी खायला शिकतात ती दूध तुटल्यावर लवकर खाद्याकडे वळतात आणि त्यांच्या उपासाचे तास कमी होतात. खुराकाची किंमत तिथे वसूल होते. त्यासाठी खाद्य दिवसातून तीन-चार वेळा, थोडे आणि ताजे द्यावे लागते. रात्रभर ओले राहून आंबलेले खाद्य उलट हगवणीला बोलावते. स्वच्छ पाणीही तितकेच गरजेचे आहे. आईला दूध आहे म्हणून पिल्लांना पाणी नको, हा समज चुकीचा आहे.

गोव्यात आणि कोकणात घरामागे मोकळी फिरणारी पिल्ले हे शिक्षण आपोआप घेत. आता राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या अनुदानावर बंदिस्त, सिमेंटच्या जमिनीचे फार्म उभे राहत आहेत, आणि तिथे उकरायला माती नाही. मातीतून मिळणारे लोहसुद्धा म्हणूनच तिथे इंजेक्शनने द्यावे लागते. हगवण लागली की औषधाची बाटली शोधायची, ही सवय अशा ठिकाणी चटकन जडते. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या फळीतले प्रतिजैविक. त्याला निष्प्रभ करणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक 2015 मध्ये चीनमध्ये उजेडात आले आणि ते डुकरांमध्येही सापडले. भारताने 2019 मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली, ते योग्यच झाले.

बंदीनंतर पिल्लू वाचवण्याचा मार्गही पालकाच्या हाती द्यायला हवा. युरोपीय संघात दूध तोडण्याचे किमान वय 28 दिवस आहे, आणि खास व्यवस्था असेल तरच 21. आपल्याकडे लवकर दूध तोडून वर्षाकाठी वेत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नवख्या पालकाने तो मानू नये. पशुसंवर्धन विभागाने अनुदानाच्या प्रकल्प आराखड्यात पिल्लांच्या खुराकाचा कप्पा, वेगळे पाणी आणि 28 दिवसांची अट घालावी, आणि पालकांना ही रीत प्रत्यक्ष फार्मवर शिकवावी.